पोत्यात नसलेला ससा

पोतं हललं की गायकर गार्ड दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घ्यायचा.

वनखात्याच्या ऑफिसचा व्हरांडा. टेबलावर शाईचं पॅड आणि एक लिहिलेला कागद. टेबलापासून हातभर अंतरावर ते पोतं, तोंडाला काथ्याची गाठ. गाठ माझ्या माणसाची, हिरूची, हे मी फाटकातूनच ओळखलं. हिरू भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. त्याला मारलेलं दिसत नव्हतं. तेवढं बघितलं आणि मग मी श्वास घेतला. निरोप मिळताच वाडीपासून पळत आले होते, हात सारवणाच्या शेणाने तसेच भरलेले होते.

"आलीस?" हिरू म्हणाला, जशी काही मी बाजारातून आले. "पोरी कुठं हायत?"

"आयेकडं."

"ए, गप्प बसायचं," गार्ड म्हणाला. "बाई, तू याची बायको?"

"होय साहेब. काय केलं त्याने?"

"शिकार केली. कंबरेला फास, पाठीवर पोतं, रानातल्या वाटेवर सापडला. आता जाईल आत."

पोतं पुन्हा हललं. गार्डाचे पाय वर गेले.

"चावत नाय साहेब," हिरू समजूत घालत म्हणाला. "गाठ मी मारलीय."

ते दिवस भातकापणीनंतरचे. आम्ही कातकरी लोक त्या दिवसांत उंदीर धरतो. शेतकरी स्वतःच बोलावतात, कारण बांधातला उंदीर त्यांचं भात खातो. बांधातली बिळं शोधायची, एक सोडून बाकीची मातीने बुजवायची, आणि उरलेल्या बिळाच्या तोंडाशी मडक्यात गवत पेटवून आत धूर फुंकायचा. उंदीर गुंगत बाहेर येतो, त्याला शेपटीने उचलायचा. बिळात त्याने साठवलेल्या भाताच्या लोंब्या मिळतात, त्या आमच्या. उंदीर आम्ही जिवंतच घरी आणतो, म्हणजे संध्याकाळपर्यंत मांस खराब होत नाही. हिरू सकाळी त्याच कामाला गेला होता. परत येताना रानातल्या वाटेने आला, कारण त्या वाटेवर त्याने आदल्या दिवशी एक फास लावून ठेवला होता. सायकलच्या ब्रेकच्या तारेचा फास. असे फास तो नेहमी लावायचा. वाडीतले सगळेच लावायचे.

त्यात काही गुन्हा आहे असं आम्हाला वाटतच नव्हतं. म्हणजे कायदा आहे हे ठाऊक होतं. पण तो आम्ही आमच्या मापाने समजून घेतला होता. वाडीतली म्हातारी माणसं सांगायची की बंदुकीने मारलेलं जनावर सरकारचं आणि हाताने धरलेलं आपलं. बाईच्या ओटीत मावेल एवढ्या जिवाला सरकार विचारत नाही. भेकर, डुक्कर मोठं, ते मारलं तर पकडतात. ससा, लावा, तितर, घोरपड ओटीत मावतात. मग आदल्या वर्षी बाळू हिलमला घोरपडीसाठी धरून नेलं, तेव्हा आम्ही म्हटलं, घोरपड मोठी असेल. कुणाला विचारणार? बाळूने असाच एका कागदावर अंगठा दिला होता. सात महिन्यांनी तो परत आला तो काठी टेकत, आणि पुढे कधी बिळाला तोंड लावून फुंकू शकला नाही. दम पुरायचा नाही.

म्हणून शाईचं ते पॅड बघून मी शेणाने भरलेले हात पदराआड घेतले.

"तू पण साक्षीला अंगठा दे," गार्डाने कागद माझ्याकडे सरकवला. "हा म्हणतो, बायको आल्याशिवाय मी देणार नाही."

"काय लिहिलंय साहेब?"

"जे झालं ते लिहिलंय. तुला काय कळणार आहे?"

खरं होतं. पण सगळंच खरं नव्हतं. त्या वर्षी सरकारचे साक्षरतेचे वर्ग आले होते. खालच्या गावातल्या अंगणवाडीच्या मंदाताई दुपारी वाडीत यायच्या आणि आम्हा आठ-नऊ बायांना चिंचेखाली बसवून शिकवायच्या. मोठ्यांची पुस्तकं आली नव्हती, म्हणून त्यांनी पोरांचीच अंकलिपी आणली होती, चित्रांची. माझं वय तेव्हा चाळीसच्या आसपास असेल. दोन महिने झाले होते. इतर बाया भराभर पुढे गेल्या, मी मात्र 'स' वर अडकून बसले होते. त्याचं पोट, त्याची काठी, मधली ती आडवी रेघ, काही केल्या जमेना. मी घरी चुलीपुढे बसून राखेत बोटाने 'स' गिरवायचे. अंकलिपीत 'स' शेजारी सशाचं चित्र होतं, कान उभे, मागे गवत. चित्राखाली लिहिलं होतं: ससा. आदल्या रविवारीच मंदाताईंनी काना शिकवला होता.

मी कागद उचलला. गार्डाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग होती. मी वरून खाली बघत गेले. एकही शब्द ओळखीचा नाही. मग मधल्या ओळीत बोट थांबलं. पोट, काठी, आडवी रेघ. त्याच्यापुढे पुन्हा तेच, आणि त्याला काना.

मी दोन ओळी खाली गेले. तिथेही तेच.

"साहेब," मी म्हटलं, "हा ससा ना?"

"काय?"

"हे इथं. आणि हे खाली. ससा लिहिलंय."

गार्ड माझ्याकडे बघत राहिला. "तुला वाचता येतं?"

"एवढंच येतं."

"हो, ससाच लिहिलाय. फासाला सशाचे केस आहेत." त्याने टेबलावरचा तारेचा फास उचलून दाखवला. तारेला खरंच पिंगट, मऊ केस चिकटले होते. "पोत्यात ससा आहे."

"पोत्यात उंदीर हायत," हिरू म्हणाला. "मी मघापास्नं सांगतोय."

"वर उंदीर घातलेस, खाली मेलेला ससा."

"मग उघडून बघा ना."

गार्डाने पोत्याकडे बघितलं आणि पाय सावरले. तेव्हा मला कळलं. त्याने पोतं उघडलंच नव्हतं. कातकऱ्याच्या पोत्यात साप असेल, विंचू असेल, काय सांगावं, म्हणून गाठीला हात लावला नव्हता. आणि कागद मात्र लिहून झाला होता.

"साहेब, जे पोत्यात नाही त्याच्यावर मी अंगठा देणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो नको तेवढा मोठा निघाला असणार, कारण आतल्या खोलीतून रेंजरसाहेब बाहेर आले.

निकुंभ त्यांचं नाव. खानदेशाकडचे, बदलून येऊन महिनाही झाला नव्हता. जाड भिंगांचा चष्मा, हातात पेरूची फोड. त्यांनी कागद वाचला, पोत्याकडे बघितलं.

"गायकर, पोतं उघडलं का?"

"साहेब, त्यात काहीही असू शकतं."

"म्हणून तर उघडायचं असतं."

हिरूला उघडायला सांगितलं. रिकामा पाण्याचा डबा आणला. हिरूने गाठ सोडली आणि एकेक उंदीर शेपटीने काढून, तोंडाने मोजत, डब्यात टाकला. सात उंदीर, एक घूस, आणि तळाशी भाताच्या लोंब्या. घूस हातातून निसटली, टेबलाखालून गेली, आणि गार्ड खुर्चीवर उभाच राहिला. हिरूने ती कोपऱ्यात गाठली. रेंजरसाहेबांनी पोतं स्वतः उलटं करून झटकलं. ससा नव्हता.

मला वाटलं, सुटलो.

रेंजरसाहेबांनी फास हातात घेतला. तारेवरचे केस दोन बोटांत चोळून बघितले.

"हे उंदराचे नाहीत," ते म्हणाले. "खरं सांगायचं. आज फासात काय आलं होतं?"

मी हिरूकडे डोळे मोठे करून बघितलं. काही नाही म्हण, वारा आला होता म्हण, काहीही म्हण. पण मला माहीत होतं तो म्हणणार नाही. आमच्यात शिकारीबद्दल खोटं बोलत नाहीत. बोललं तर फास आंधळा होतो, जनावर शेजारून निघून जातं. हिरू तर त्यातला पक्का.

"ससा," तो म्हणाला.

गार्ड खुर्चीवरून खाली उतरला. "बघा साहेब!"

"मारलास?"

"नाय."

"मग कुठे आहे?"

"सोडला."

"का सोडलास?"

हिरूने एकदा माझ्याकडे बघितलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. "सोडला. बास."

गार्ड हसायला लागला. "साहेब, कातकरी फासात आलेला ससा सोडेल? वाटेत कुणाला तरी दिला असेल. किंवा झुडपात लपवलाय, उद्या नेईल."

रेंजरसाहेब माझ्याकडे वळले. "बाई, हा खोटं बोलतो का?"

"बोलतो साहेब," मी म्हटलं. "परवाच म्हणाला तंबाखू सोडली. पण शिकारीचं खोटं नाही बोलत. मेला तरी नाही."

ते फासाकडे बघत राहिले. पेरूची फोड तशीच हातात होती. त्या वेळात मी डोळ्यांपुढे आमच्या दोन्ही पोरी बघितल्या, बाळूची काठी बघितली, आणि पावसाळ्यात गळणारं छप्पर बघितलं, ते हिरूशिवाय कोण शाकारणार.

"नीट ऐका दोघांनी," शेवटी ते म्हणाले. "सोडला असेल तरी फास लावणं हाच गुन्हा आहे. धरायचा प्रयत्न केला तरी कायद्यात ती शिकारच. हे माहीत होतं?"

"नाय साहेब. ससा ल्हान हाय," हिरू म्हणाला. "ओटीत मावतो."

"ओटीत?"

मग मी त्यांना आमचं माप सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. ते भिंतीवरच्या मोठ्या छापील कागदापाशी मला घेऊन गेले. तो कागद तिथे वर्षानुवर्षं होता. आम्ही त्याच्याखाली बसून कितीदा वाट बघितली असेल.

"कायदा लहान-मोठं बघत नाही, हाताने की बंदुकीने तेही बघत नाही. यादी बघतो. ही वाच."

"मला येत नाही साहेब."

"स आला, तेवढ्यापासून सुरू कर."

मी शोधलं आणि सापडला. ससा. छापलेला, अंकलिपीतल्यासारखाच. त्यांनी पुढच्या अक्षरांवर बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं, मी मागून म्हणत गेले. लावा. तितर. घोरपड. मुंगूस. साळींदर. खवल्या मांजर. हे कुणीही धरायचे नाहीत, मारायचे नाहीत. एकेक नाव ऐकलं की हिरूचा चेहरा पडत होता. ही सगळी आमच्या चुलीवर शिजलेली नावं होती.

"मग आम्ही खायचं काय?" त्याने विचारलं.

रेंजरसाहेबांनी बोट खाली नेलं. तिथे वेगळी, अगदी छोटी यादी होती. "हे अक्षर कोणतं?"

"माहीत नाही."

"उ. उंदीर. याला कायदा काही म्हणत नाही. घूसही त्यातच आली."

"म्हणजे उंदीर धरले तर गुन्हा नाही?"

"नाही."

"आणि चिंबोऱ्या? ओढ्यातले खेकडे?"

आता मात्र ते हसले. "चिंबोऱ्यांसाठी मी तुम्हाला धरायला येणार नाही. पण कुणी आलं तर आधी विचारायचं, यादीत दाखवा."

हे ऐकून मी गार्डाकडे बघितलं. उंदीर धरायचे तर गार्डाला कोंबडी द्यायची, अशी रीत आमच्या वाडीत कितीतरी वर्षांची. गायकरच्या आधीपासूनची, कुणी पाडली तेही आठवत नव्हतं. गार्ड फाटकाकडे बघत होता.

रेंजरसाहेबांनी तो लिहिलेला कागद उभा आणि मग आडवा फाडला. "सोडलेल्या सशावर केस करायची तर मला सशाची जबानी घ्यावी लागेल," ते म्हणाले. "पण हे एकदाच. उद्या वाडीतले सगळे फास इथे आणून टाकायचे. परवा सापडला तर मी स्वतः लिहीन, आणि पोतं उघडून लिहीन."

मग त्यांनी आतून कोरा कागद आणला, मोठ्या अक्षरांत दोन्ही याद्या लिहिल्या आणि माझ्या हातात दिल्या. हिरूच्या नाही, माझ्या. वाडीत ज्याला ज्याला विचारायचं असेल, त्याला ही बाई वाचून दाखवेल, असं ते गायकरला मोठ्याने म्हणाले. मला तेव्हा त्यातली दोनच नावं वाचता येत होती. पण त्यांनी तसं म्हटल्यावर बाकीची शिकावीच लागली.

आम्ही निघालो. पोतं हिरूच्या पाठीवर, कागद माझ्या कमरेला खोचलेला. वाटेतल्या ओढ्यात मी हात धुतले, सकाळचं शेण वाळून कातडीला चिकटलं होतं.

"का सोडलास रे?" मी विचारलं.

"कोणाला?"

"तुझ्या आजाला. सशाला."

"सुटला."

"साहेबाला सोडला म्हणालास. शिकारीचं खोटं बोलतोस?"

तो पोतं खाली ठेवून पाणी प्यायला. मग दगडावर बसला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"येताना बघितलं तर फासात बसला व्हता. पाय अडकलेला, पण जिता. कान उभे केलन माझ्याकडं बघून. मागं गवत. तुझ्या पुस्तकातल्यासारखा अगदी."

"मग?"

"मग काय मग. तू रोज राखेत बोट घालून त्याला गिरवतेस. दोन महिने झाले, तुला तो अजून येत नाय. म्हटलं, याला मारला तर संध्याकाळी हा चुलीवर शिजणार आणि तू चुलीपुढं बसून त्याचंच नाव काढणार. मना बरं नाय वाटलं. म्हटलं, हिला पुरता येऊ दे आधी."

मी कमरेचा कागद पुन्हा नीट खोचला.

"तिथं सांगितलं का नाहीस?"

"त्या गार्डापुढं? हसला असता." त्याने पोतं पुन्हा पाठीवर घेतलं. "बरं, ते 'क' काय हाय तुझ्या पुस्तकात?"

"कमळ."

"नशीब. मना वाटलं कोंबडी."

दुसऱ्या दिवशी हिरूने वाडीतले फास गोळा करून नेले. सगळे खुशीने दिले नाहीत. दोन-तीन घरांनी शिव्याही दिल्या, आणि त्या हिवाळ्यात आमच्या पानात मांस कमी पडलं, हेही खरं. पण त्यानंतर उंदरांसाठी कुणी कोंबडी नेली नाही आणि वाडीतलं कुणी आत गेलं नाही. गार्ड बदलले, मी कागद दाखवत गेले. तो झिजला तेव्हा मी दुसरा माझ्या हाताने लिहून काढला. आता कायदा पुन्हा बदललाय म्हणतात, तेव्हा ज्याला त्याने आजची यादी विचारून घ्यावी. माझा कागद जुना झाला.

निकुंभसाहेब वर्षभराने बदलून गेले. मंदाताई अजून आहेत, त्यांना मी दिवाळीला भेटते. हिरूला जाऊन सहा वर्षं झाली. त्याला अक्षर कधी आलं नाही. शिक म्हटलं की म्हणायचा, एका घरात एक पुरे. रेंजरसाहेबांनी कागद फाडला, मंदाताईंनी 'स' शिकवला, या दोघांचे उपकार मी सगळ्यांना सांगते. पण तो ससा पोत्यात असता, तर दोघांचाही काही उपयोग झाला नसता.

त्या संध्याकाळी घरी आलो, पोरींना घेऊन आलो. हिरूने उंदीर भाजले, मी लोंब्या झोडून भात काढला. जेवणं झाल्यावर चुलीच्या उजेडात मी अंकलिपी उघडली आणि पानं उलटत 'स' पर्यंत आले. हिरू पलीकडून बघत होता, तोंडात तंबाखू.

"हाय ना जाग्यावर?" त्याने विचारलं.

मी सशावर बोट ठेवलं.

"आहे," मी म्हटलं.